अर्थसंकल्प : तरतुदीपासून खर्चापर्यंत

अर्थसंकल्पात आकडा जाहीर झाला म्हणजे पैसा हाती आला, असे नव्हे. मधल्या पायऱ्या विद्यार्थ्यांनी समजून घेतल्या पाहिजेत.

राज्यघटनेच्या कलम ११२ नुसार केंद्र सरकार वर्षाच्या जमाखर्चाचा अंदाज संसदेपुढे ठेवते. २०१७ पासून तो १ फेब्रुवारीस मांडला जातो. नंतर खातेवार अनुदानाच्या मागण्यांवर लोकसभा मतदान करते. विनियोजन कायदा झाल्याशिवाय संचित निधीतून एक पैसाही काढता येत नाही.

बँकेतील शिल्लक पुढच्या वर्षी राहते. सरकारी तरतूद मात्र ३१ मार्चपर्यंत न खर्चल्यास सामान्यतः रद्द होते. झालेल्या खर्चाचा हिशेब महालेखापरीक्षक तपासतात व लोकलेखा समिती जाब विचारते. १९४९ साली घटना समितीत बाबासाहेबांनी या लेखापरीक्षकाचे पद बहुधा सर्वांत महत्त्वाचे असल्याचे सांगितले होते, ते याचसाठी.

अनुसूचित जातींच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीत २०२०-२१ पासून केंद्राचा वाटा ६० टक्के व राज्याचा ४० टक्के आहे. म्हणजे दोन्ही अर्थसंकल्प पाहावे लागतात. गडमुडशिंगीहून कोल्हापूरला कॉलेजात जाणाऱ्या आपल्या मुलामुलींनी तरतूद किती एवढेच न विचारता वाटप किती झाले आणि परत किती गेले, हेही विचारावे.