आधी थांबवायला शिक, मग सीक्यू दे

अगं, तुझी तगमग मला कळते. हॅम रेडिओचा परवाना मिळाला, कॉलसाइन मिळालं आणि शहरातल्या फ्लॅटमध्ये ४० मीटर बँड लावला की नुसती खरखर. एलईडी दिवे, मोबाइलचे चार्जर, गच्चीवरचा सोलर इन्व्हर्टर, सगळ्यांचा गोंगाट अँटेनात शिरतो. वर सोसायटी तार बांधू देत नाही. गावच्या घरी मात्र दोन झाडांमध्ये २० मीटर लांबीचा डायपोल आरामात बसतो आणि बँड शांत असतो. म्हणून रिग, म्हणजे रेडिओ संच, तिकडे ठेवून इथून इंटरनेटवर चालवायचं तुझं ठरलंय, ते मला मनापासून आवडलं. फक्त माझं एक ऐक. ती रिग चालवायची कशी, याच्या आधी ती बंद कशी पडेल, हे ठरव.

का म्हणते? तू बोलत असतानाच नेट गेलं आणि रिग प्रसारणातच अडकली, तर शंभर वॉट हवेत जात राहतात. कुणाचं तरी संभाषण त्याखाली दबतं, रिग तापते, आणि तुझ्या हातात काहीच उरत नाही. म्हणून रिगमधला टाइम-आउट टायमर पहिल्याच दिवशी लाव. आयकॉम ७३०० मध्ये तो तीन मिनिटांवर ठेवता येतो. एफटी८ या डिजिटल पद्धतीसाठी डब्ल्यूएसजेटी-एक्स हे सॉफ्टवेअर वापरशील, तर त्यातला वॉचडॉगही चालू ठेव.

दुसरा उपाय विजेचा. रिगच्या १३.८ व्होल्टच्या पॉवर सप्लायला वेगळा रिले असू दे, आणि तो वेगळ्या कंपनीच्या सिमवरून, मेसेजने बंद होणारा असू दे. नेट आणि रिले एकाच वाटेवर ठेवलेस, तर ती वाट बंद पडताच दोन्ही हातचे जातील. तिसरा उपाय माणसाचा. घरात काकू असतील, तर कोणता खटका खाली करायचा ते त्यांना प्रत्यक्ष दाखव आणि त्यावर मोठ्या अक्षरात लिहून ठेव.

विजांचं तर विसरूच नकोस. वळवाच्या आणि परतीच्या पावसात वापर नसेल तेव्हा अँटेनाची केबल रिगपासून सुटलेली आणि अर्थ केलेली हवी. दुरून हे करायला चांगला कोएक्स रिले लाव. पण काळे ढग दिसले की काकूंनी हाताने केबल काढणं याहून खात्रीचं काही नाही. मात्र वीज कडाडायला लागल्यावर त्यांना केबलला हात लावू देऊ नकोस.

आता जोडणीकडे वळू. ७३०० ला नेटवर्कची जागा नाही, म्हणून यूएसबीने रास्पबेरी पाय किंवा छोटा संगणक जोडावा लागेल. आयकॉम ७०५ वायफायवर थेट बोलते. डब्ल्यूएफव्ह्यू हे मोफत सॉफ्टवेअर दोन्हींना चालतं. गावी वीज जाते-येते, म्हणून राउटर आणि रास्पबेरी पाय यूपीएसवर ठेव. वीज परत आली तरी ७३०० आपोआप चालू होत नाही, तिला यूएसबीवरून आज्ञा द्यावी लागते. हेही आधीच करून बघ.

पुढची अडचण पत्त्याची. राउटरला मिळालेला आयपी १००.६४ ते १००.१२७ च्या पट्ट्यात असेल, तर बाहेरून थेट आत शिरता येत नाही. त्यासाठी टेलस्केलसारखं व्हीपीएन वापर. पोर्ट उघडे टाकून रिग जगासमोर ठेवू नकोस गं. तुझ्या कॉलसाइनवर दुसरं कुणी बोललं, तरी जाब तुलाच द्यावा लागेल.

आवाजाला थोडा उशीर झाला तरी गप्पा चालतात. मोर्सला तो जाचतो, म्हणून स्वतःचे ठोके ऐकवणारा साइडटोन तुझ्या बाजूलाच तयार होऊ दे. एफटी८ चे १५ सेकंदांचे खंड घड्याळावर चालतात. तेव्हा ते सॉफ्टवेअर गावच्या संगणकावरच ठेव, त्याची वेळ अचूक राख आणि तू फक्त पडदा बघ.

कागदपत्रांकडेही लक्ष दे. स्टेशनचा पत्ता गावचा करून घे आणि दूरनियंत्रणाबद्दल परवाना देणाऱ्या डब्ल्यूपीसीला लेखी विचार. लेखी परवानगी हातात आल्यावरच प्रसारण कर. तोवर नुसतं ऐकून जोडणीची परीक्षा घे, त्यातही पुष्कळ शिकशील. आणि कुणी ठिकाण विचारलं, तर अँटेना जिथे आहे ते गाव सांग. डीएक्ससीसी या देश मोजणाऱ्या पुरस्कारातही प्रसारक जिथे असतो तीच जागा धरतात.

परवानगी आली की गावी जाऊन अँटेनाऐवजी डमी लोड लाव. फोनवरून प्रसारण सुरू कर आणि मुद्दाम नेट तोड. रिग आपोआप गप्प झाली, रिलेने वीज तुटली आणि काकूंना खटका सापडला, तरच डायपोल जोड. या तिन्हींपैकी एक जरी जमलं नाही, तरी स्टेशन दुरून चालवू नकोस.