खारजमिनीचा उपग्रहनकाशा कसा वाचावा

कोंकणांत खारजमीन कसणारा शेतकरी दोन मर्यादा पिढ्यान्‌पिढ्या जाणत आला आहे. एक खारबांधाची व दुसरी उधाणाच्या पाण्याची. आतां त्यांत तिसरीची भर पडली आहे. ती म्हणजे उपग्रहाच्या चित्रावरून नकाशावर ओढलेली कांदळवनाची रेषा होय. 2005 सालीं मुंबई उच्च न्यायालयानें कांदळवनाच्या तोडीस मनाई करून त्याचे नकाशे उपग्रहाच्या साह्यानें करण्यास सांगितलें. 2018 सालच्या निकालानें तें संरक्षण कायम झालें. जमीन सरकारी असो वा खाजगी, हें बंधन लागू आहे. म्हणून ही रेषा कशी निघते, हें आमच्या वाचकांनीं समजून घेणें अगत्याचें आहे.

उपग्रहावरील यंत्र सूर्यप्रकाशाचे निरनिराळे भाग वेगवेगळे मोजतें. डोळ्यांस न दिसणारे अवरक्त किरण हिरवें पान मोठ्या प्रमाणांत परत फेंकतें. पाणी तेच किरण शोषून घेतें. त्यामुळें चित्रांत तिवर, चिपी व कांदळ यांची दाटी उजळ आणि खाडी काळी दिसते. स्वच्छ समुद्रांत निळा प्रकाश खोलवर जात असल्यानें उथळ तळावरील प्रवाळही ओळखतां येतें. परंतु आमच्या खाड्यांचें पाणी गाळानें गढूळ, तेथें तळ दिसत नाहीं.

या चित्राचे दोष तीन. पहिला, बारकाव्याचा. युरोपीय सेंटिनेल-2 या उपग्रहाच्या चित्रांतील एक ठिपका 10 मीटर लांब व तितकाच रुंद, म्हणजे सुमारें एक गुंठ्याचा असतो. बांध त्याहून अरुंद. म्हणून बांध, बाहेरील तिवर व आंतील शेत हीं एकाच ठिपक्यांत मिसळतात.

दुसरा, भरतीचा. हा उपग्रह आमच्या किनाऱ्यावरून सकाळीं अकराच्या सुमारास जातो. तिथीची संख्या पाऊणपट केली असतां भरतीची वेळ येते, हा कोळी बांधवांचा स्थूल हिशेब आहे. त्याप्रमाणें पौर्णिमेस व अमावास्येस सव्वाअकरास भरती होते. सप्तमीस भरती सव्वापांचास, म्हणून ओहोटी अकराच्या सुमारास. तेव्हां एकच खाजण पौर्णिमेच्या चित्रांत पाणी, तर सप्तमीच्या चित्रांत चिखल दिसेल.

तिसरा, ढगांचा. भात उभें असतां आभाळ भरलेलें असतें. स्वच्छ चित्र बहुधा हिवाळ्या-उन्हाळ्यांत मिळतें. त्या वेळीं शेत उघडें असतें आणि तिवर मात्र हिरवें असतें.

खरी हानि होते ती येथेंच. बांधास खांड पडून कांहीं वर्षें हयगय झाली, कीं खाऱ्या पाण्याबरोबर तिवराचें बीं आंत येऊन रुजतें. मग उपग्रह खोटें सांगत नाहीं; त्यास तेथें तिवरच दिसतें. सातबाऱ्यावर भातशेत आणि नकाशावर कांदळवन, हा तंटा अशा रीतीनें उभा राहतो, व झाडें वाढल्यावर तीं तोडण्याची मुभा मालकासही नसते.

यास्तव आमची सूचना अशी. खांड त्याच वर्षीं बांधून काढावी व उघाडी दुरुस्त ठेवावी. दरसाल पीकपाहणीची नोंद करून घ्यावी. नकाशा चुकला असें वाटल्यास चित्राचा दिनांक विचारावा, त्या दिवशींची तिथि पाहून भरतीओहोटी ताडावी आणि जागेवर पाहणी मागावी. अमेरिकेच्या लँडसॅट उपग्रहांचीं जुनीं चित्रें विनामूल्य मिळतात. त्यांतील ठिपका 30 मीटरांचा असला, तरी विस्तीर्ण खारांत पाणी कोणत्या सालीं शिरलें, हें त्यांवरून पुष्कळदां कळतें.

मात्र बांधाबाहेरील तिवरास कोणी शत्रु मानूं नये. लाटेचा जोर प्रथम तेंच मोडतें, आणि तें गेलें कीं पुढील उधाण बांधावर येतें. बाहेर तिवर व आंत भात, ही मांडणी ज्यानें राखिली, त्याची मर्यादा नकाशांतही स्पष्ट उमटेल.