गोचीड, पिसू आणि तापाचा रुग्ण : एक अभ्यास

अहवालात हिशेबपत्रकांच्या आधी एखादा आरोग्यविषयक अभ्यासलेख देण्याचा आपल्या संस्थेचा प्रघात आहे. हा लेख बहुधा आपले मानद वैद्य लिहितात. यंदा ते काम कार्यालयाने स्वतःकडे मागून घेतले, कारण ज्या प्रसंगातून हा विषय निघाला त्यातील उणीव वैद्यांची नसून आमची होती. आम्ही वाणिज्य शाखेचे पदवीधर. वैद्यकीय तपशील आमच्या डॉक्टरांनी तपासून दिला आहे, मात्र लेखातील मते आमची आहेत.

भातकापणीनंतर डोंगरउतारावर गवत कापण्याच्या दिवसांत एक मध्यमवयीन शेतमजूर तीव्र तापाने आपल्याकडे दाखल झाले. डोके ठणकत होते, अंग मोडून आले होते आणि रक्तातील प्लेटलेट उतरल्या होत्या. हिवताप व डेंग्यू या दोन्हींच्या तपासण्यांत काही निघाले नाही. तिसऱ्या दिवशी अंग पुसताना आमच्या एका परिचारिकेस त्यांच्या कमरेशी, करगोट्याखाली, विडीने भाजल्यासारखी एक काळी खपली आढळली. ती पाहताच डॉक्टरांनी स्क्रब टायफसचे निदान केले व डॉक्सिसायक्लिन सुरू केले. दोन दिवसांत ताप उतरला. हे औषध महाग तर नाहीच, किंबहुना आमच्या औषधभांडारातील स्वस्त गोळ्यांपैकी एक आहे. उशीर झाला तो एक प्रश्न न विचारल्यामुळे. रुग्ण काय काम करतो, हे केसपेपरवर कोठेच नोंदलेले नव्हते. नाव, वय, पत्ता, अनामत रक्कम आणि बिल कोण भरणार याचे रकाने होते, व्यवसायाचा नव्हता. तो छापील नमुना आम्हीच तयार केलेला आहे.

स्क्रब टायफस गोचिडीमुळे होत नाही. गोचिडीच्या कुळातीलच, पण डोळ्यांस सहसा न दिसणाऱ्या एका किड्याच्या सहा पायांच्या पिल्लामुळे तो होतो. ही पिल्ले गवतात व झुडपांत असतात आणि माणूस जवळून गेला की अंगावर चढतात. तथापि प्राण्याच्या अंगावरील बारीक जीवाने रोग माणसापर्यंत आणून सोडावा, ही साखळी गोचीड आणि पिसू यांच्या रोगांतही हीच आहे. म्हणून या सर्वांचा विचार एकत्र करणे आम्हांस योग्य वाटते.

ही साखळी प्रथम सिद्ध झाली ती गुरांच्या रोगात. अमेरिकेत स्मिथ आणि किलबोर्न या संशोधकांनी 1893 साली गुरांचा ‘टेक्सास ताप’ गोचिडीमार्फत पसरतो, हे दाखवून दिले. रोनाल्ड रॉस यांनी हिवताप व डास यांचा संबंध 1897 साली उलगडला, त्याच्याही आधीची ही गोष्ट. म्हणजे कीटक व तत्सम जीव रोग वाहून नेतात, हा धडा माणसाच्या वैद्यकाने गोठ्यातून घेतला, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होऊ नये.

पिसवेची कथा आपल्या प्रांताच्या अधिक जवळची आहे. 1896 साली मुंबईच्या मांडवी भागात प्लेग प्रकटला. पुढल्याच वर्षी पुण्यात प्लेगच्या रुग्णांची सेवा करताना सावित्रीबाई फुले यांना याच रोगाने गाठले व 10 मार्च 1897 रोजी त्यांचे निधन झाले. त्या वेळी रोग हवेतून येतो की अन्नातून, की जमिनीतून, याबद्दल कोणासही निश्चित सांगता येत नव्हते. घरे धुतली जात, सामान जाळले जात असे, माणसांना घराबाहेर काढले जाई आणि उंदीर एका घरातून दुसऱ्या घरात जात राहत. 1898 साली कराची येथे पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच वैद्याने रोगी उंदीर व निरोगी उंदीर एकमेकांना स्पर्श करू शकणार नाहीत अशा बेताने जवळ ठेवले. रोगी उंदरावर पिसवा होत्या. त्याच्या मृत्यूनंतर निरोगी उंदरासही प्लेग झाला. एवढा साधा प्रयोग, पण त्यावर बरीच वर्षे कोणी विश्वास ठेवला नाही. पुढे मुंबईत ग्लेन लिस्टन यांनी आणि 1905 पासून प्लेग संशोधन आयोगाने परळ येथे गिनीपिग ठेवून पुनःपुन्हा प्रयोग केले, तेव्हा ही गोष्ट सर्वमान्य झाली. जमिनीवर ठेवलेल्या पिंजऱ्यातील प्राणी दगावत आणि पिसवेच्या उडीच्या पलीकडे टांगलेल्या पिंजऱ्यातील जगत. 1994 साली बीड जिल्ह्यातील मामला गावी व नंतर सुरत येथे प्लेगची बातमी आली तेव्हा झालेली घबराट आमच्या पिढीने पाहिली आहे.

आता कोकणाच्या दाराशी येऊन ठेपलेल्या रोगाविषयी. 1957 साली तेव्हाच्या म्हैसूर राज्यातील शिमोगा जिल्ह्यात, क्यासनूर नावाच्या जंगलात माकडे मरून पडू लागली आणि आसपासच्या गावांत माणसे तापाने आजारी पडली. आफ्रिकेतील पीतज्वर भारतात शिरला की काय, अशी शंका प्रथम घेतली गेली. पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्राने (आजची राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था) तेथे जाऊन शोध घेतला, तेव्हा हा गोचिडीने पसरणारा सर्वस्वी नवा विषाणू ठरला. लोकांनी त्याला ‘माकडताप’ हे नाव दिले. नावामुळे दोष माकडाच्या माथी बसला, वास्तविक माकड हे त्या रोगाचे पहिले बळी असते. माकड मेले की त्याच्या अंगावरील गोचिडी खाली पातेऱ्यात उतरतात आणि नव्या अंगाची वाट पाहतात. त्यांची मधली अवस्था तिळाच्या दाण्याएवढी असते व ती हिवाळ्यापासून उन्हाळ्याअखेरपर्यंत, म्हणजे नेमकी आपल्या काजूच्या हंगामात, विपुल असते. गुरांना हा आजार होत नाही, परंतु मोठ्या गोचिडी त्यांच्या रक्तावर पोसल्या जातात.

अनेक दशके हा रोग कर्नाटकापुरताच मर्यादित मानला जाई. तेथे 1983 च्या सुमारास दक्षिण कन्नड जिल्ह्यात मोठी साथ आली. दीड हजारांहून अधिक रुग्ण झाले व सुमारे दीडशे दगावले. त्या साथीचा संबंध काजूच्या लागवडीसाठी झालेल्या जंगलतोडीशी जोडला गेला. 2015 साली गोव्यातील सत्तरी तालुक्यात, 2016 च्या आरंभी सिंधुदुर्गातील दोडामार्ग तालुक्यात आणि पुढील वर्षी सावंतवाडी तालुक्यातील बांदा परिसरात हा ताप आला. गोव्यातील रुग्णांत काजूच्या बागांत राबणाऱ्यांचा भरणा लक्षणीय होता. सिंधुदुर्ग आमच्या शेजारचा जिल्हा आहे. तीच सह्याद्रीची रांग आमच्या संगमेश्वर व लांजा तालुक्यांच्या डोक्यावर आहे आणि काजू दोन्हीकडे सारखाच वेचला जातो.

या तापावर खास औषध नाही. शुश्रूषा, सलाईन, रक्तस्रावावर लक्ष आणि वेळेवर निदान एवढेच हाती असते. तरीही बहुसंख्य रुग्ण बरे होतात, शंभरांत तीन ते पाच दगावतात. काहींना ताप उतरल्यावर एक-दोन आठवड्यांनी तो पुन्हा चढतो व मेंदूपर्यंत जातो, म्हणून बरे वाटले तरी पुन्हा दाखवण्यास यावे. जुनी लस कर्नाटकात दीर्घकाळ दिली गेली, पण तिचा गुण कमी आढळल्याने तिचा वापर थांबवण्यात आला आणि नव्या लशीचे काम हाती घेण्यात आले आहे. हा रोग माणसाकडून माणसाकडे जात नाही. नातेवाइकांनी रुग्णाजवळ बसण्यास भिऊ नये.

भिण्याजोगा गोचीड-ताप दुसरा आहे, आणि तो आम्हा रुग्णालयवाल्यांसाठी. जानेवारी 2011 मध्ये गुजरातेत क्रायमियन-काँगो रक्तस्रावी तापाचे भारतातील पहिले निदान झाले. रुग्णापाठोपाठ तिच्यावर उपचार करणारे डॉक्टर व परिचारिकाही दगावल्या. तो विषाणू गुरे-शेळ्यांच्या अंगावरील गोचिडीतून, तसेच रुग्णाच्या रक्तातून पसरतो. हातमोजे, मुखपट्टी आणि झगे यांवरील खर्च लेखापरीक्षणात दरवर्षी वाढलेला दिसतो व एखादे विश्वस्त त्याविषयी पृच्छाही करतात. तो खर्च कमी करण्याचा प्रस्ताव आम्ही कधीही मांडणार नाही.

जनावरांच्या बाबतीत थोडक्यात इतकेच, की संकरित गाय गावठी गाईपेक्षा गोचीड-तापास लवकर बळी पडते. लघवी लाल होणे, अंगावर गाठी येणे, दूध एकाएकी आटणे ही लक्षणे दिसताच पशुवैद्यास बोलवावे. अंगावरची गोचीड, मग ती गाईची असो, कुत्र्याची असो वा स्वतःची, नखाने चिरडू नये, तीवर रॉकेल ओतू नये, विडीचा चटका देऊ नये. चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढावी व हात साबणाने धुवावेत. बागेत मेलेले माकड वा वानर दिसल्यास त्याला हात न लावता ग्रामपंचायत, वनखाते किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रास कळवावे.

केसपेपरचा नमुना आम्ही बदलला आहे. व्यवसायाचा रकाना आला, आणि त्याखाली तापाच्या रुग्णासाठी तीन प्रश्न : गेल्या दोन-तीन आठवड्यांत रानात, बागेत वा गवतात गेला होता काय, घरी जनावरे आहेत काय, जवळपास माकडे किंवा उंदीर मेले काय. सोबत संपूर्ण अंग, विशेषतः काख, जांघ व कमर, तपासल्याची खूण करण्यास चौकट ठेवली आहे. रक्ताचे नमुने शासकीय यंत्रणेमार्फत पुण्यास धाडता यावेत म्हणून एका देणगीदारांनी शीतपेटी दिली, त्यांच्या इच्छेनुसार त्यांचे नाव येथे देत नाही. जुने केसपेपर बरेच शिल्लक होते. ते वाया जाऊ नयेत म्हणून तीन प्रश्नांचा रबरी शिक्का करून त्यांवर मारला, छपाईचा खर्च वाचला. आंब्याच्या बागांतून राखणीस येणाऱ्या नेपाळी कामगारांना मराठी प्रश्न उमगत नाहीत, हे नंतर लक्षात आले. त्यांच्यासाठी नेपाळी भाषेतील तक्ता बाह्यरुग्ण विभागाच्या खिडकीशी लावला आहे.