पदकाच्या कडेवरचे नाव



रायपूरच्या पुरानी बस्तीत मराठी घरे आजही आहेत. काही भोसल्यांच्या अमदानीत नागपूरकडून आलेली, काही नंतर नोकरीच्या निमित्ताने. गेल्या उन्हाळ्यात तिथल्या ओळखीच्या एका घरी गेलो होतो. काकूंनी माळ्यावरची पत्र्याची पेटी खाली काढायला सांगितली. त्यांचे दीर नौदलात होते, 'विक्रांत'वर विमानांची देखभाल करायचे. १९७१ च्या युद्धातही ते जहाजावरच होते. काही वर्षांपूर्वी वारले.

पेटीत तीन पदके होती: पूर्वी स्टार, संग्राम मेडल आणि स्वातंत्र्याच्या पंचविसाव्या वर्षाचे पदक. तिन्ही लखलखीत. नातवाने पितांबरीने घासून ठेवली होती.

"आणि कागद?" मी विचारले.

"ते मागच्या दिवाळीत रद्दीत दिले रे. पिवळे पडले होते, कसर लागली होती. पेन्शनचे तेवढे ठेवलेत."

काकूंना काय बोलणार? त्यांच्या लेखी पदक ही मौल्यवान वस्तू, कागद म्हणजे कचरा. बहुतेक घरांत असेच समजतात. आजच्या पाठात मला याच्या उलट बाजू सांगायची आहे, आणि त्यासाठी युद्धात पडलेल्या नौदल वैमानिकाचे उदाहरण घेणार आहे. कारण त्याच्या बाबतीत कागद हरवणे सर्वांत महाग पडते.

आधी थोडा इतिहास. दुसऱ्या महायुद्धात आपल्या रॉयल इंडियन नेव्हीकडे स्वतःचे विमानदल नव्हते. त्या काळी समुद्रावरून लढणारे वैमानिक ब्रिटिश नौदलाच्या 'फ्लीट एअर आर्म'चे असत. भारतीय नौदलाच्या विमानदलाची सुरुवात ११ मे १९५३ रोजी कोचीनला 'आयएनएस गरुड' हा तळ उभा राहिला तेव्हा झाली. ४ मार्च १९६१ ला विमानवाहू जहाज 'विक्रांत' दाखल झाले. त्यावरची विमाने दोन प्रकारची: सी हॉक ही लढाऊ जेट आणि अलिझे ही पाणबुडीशोधक. अलिझे फ्रेंच बनावटीचे, पंख्याचे विमान. आत तिघे बसत.

डिसेंबर १९७१ मध्ये 'विक्रांत' बंगालच्या उपसागरात होती आणि तिची सी हॉक विमाने ४ डिसेंबरपासून कॉक्स बाजार आणि चितगाववर हल्ले करत होती. त्याची कथा तुम्ही ऐकलेली असते. पश्चिमेकडची कमी ऐकायला येते. ९ डिसेंबरच्या रात्री दीवजवळ 'आयएनएस खुकरी' बुडाली. १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक गेले. दुसऱ्या दिवशी, १० डिसेंबरला, पश्चिम किनाऱ्याकडे गस्तीवर असलेले एक अलिझे पाकिस्तानी हवाई दलाच्या स्टारफायटरने पाडले. ध्वनीच्या दुप्पट वेगाने जाणाऱ्या जेटसमोर पंख्याचे विमान. दोन्ही बाजूंची बरोबरी नव्हतीच. अलिझेमध्ये लेफ्टनंट कमांडर अशोक रॉय, लेफ्टनंट एच. एस. सिरोही आणि एअरक्रूमन विजयन असे तिघे होते. युद्धात शत्रूने पाडलेले भारतीय नौदलाचे ते एकमेव विमान.

समुद्रात पडलेल्या वैमानिकाची समाधी नसते. घरच्यांना देह मिळत नाही, ना रक्षा. मग मागे उरते काय? पदके, सरकारी पत्रे, गणवेशाचे बिल्ले आणि लॉग बुक. या तिघांच्या घरी काय आहे हा त्यांचा खाजगी विषय, त्यात आपण शिरायचे नाही. पण अशा माणसाच्या मागे राहिलेला संच कसा वाचायचा आणि कसा सांभाळायचा, हे तुम्हाला यायला हवे. उद्या तुमच्यातला एखादा युनिटच्या संग्रहाचा प्रमुख असेल.

पदकापासून सुरू करू. आपल्या सैन्याच्या पदकांवर, कडेवर किंवा मागच्या बाजूला, क्रमांक, हुद्दा आणि नाव कोरलेले असते. अक्षरे बारीक असतात, भिंगाशिवाय लागत नाहीत. म्हणून भारतीय पदकाचा मालक अजून शोधता येतो. ब्रिटिशांची पद्धत मात्र वेगळी होती. दुसऱ्या महायुद्धाच्या पदकांवर ब्रिटिश सैनिकांची नावे त्यांनी कोरलीच नाहीत. मात्र त्याच युद्धातली भारतीय सैनिकांची पदके नावानिशी निघाली. त्यामुळे फ्लीट एअर आर्मच्या मृत वैमानिकाचा 'अटलांटिक स्टार' हजारो इतर ताऱ्यांसारखाच दिसतो. तो छोट्या पुठ्ठ्याच्या खोक्यात घालून टपालाने वारसाकडे जाई, आत कोणती पदके आहेत याची छापील चिठ्ठी असे, आणि खोक्यावर आईवडिलांचा नाहीतर पत्नीचा पत्ता. तो पत्त्याचा पुठ्ठा फेकून दिला की तारा अनामिक झाला. मग कोणीही व्यापारी त्याला कोणाचेही नाव जोडू शकतो, आणि जोडतातही. परदेशी बाजारात अशा संचांना पैसे मोजणारे लोक आधी खोके आणि चिठ्ठी पाहतात, धातू नंतर.

पहिल्या महायुद्धात ब्रिटिशांनी मृतांच्या वारसांना कांस्याची मोठी तबकडी दिली होती. तीवर नाव असे, हुद्दा नसे. जनरल असो वा शिपाई, तबकडी एकच. आपल्या शिपायांच्या घरीही त्या आल्या. कोणाच्या घरी दिसली तर घासू नका.

घासण्यावरून सांगतो. पितांबरी, ब्रासो, चिंच, राख, काहीही नको. प्रत्येक घासणीत कडेवरची अक्षरे थोडी थोडी झिजतात. काकूंच्या तीन पदकांपैकी एकावर क्रमांकाचे शेवटचे दोन आकडे जवळजवळ पुसले गेले होते. दुसऱ्यावरून ते मिळाले म्हणून बरे. रिबनसुद्धा बदलू नये. वीर चक्राची रिबन अर्धी गडद निळी, अर्धी नारिंगी असते. ती विटली असली तरी तीच ठेवा. नव्या रिबनने पदक देखणे दिसेल, पण खरे काय हे सांगणारा धागा जाईल. वीर चक्र चांदीचे असते, हेही लक्षात ठेवा. अडचणीच्या दिवसांत चांदी सराफाच्या तराजूत जाऊ शकते, आणि वजनाच्या भावाने मोडलेल्या चांदीला कडेवरचे नाव राहत नाही.

आपल्या परमवीर चक्राची रचना मेजर जनरल विक्रम खानोलकर यांच्या पत्नी सावित्रीबाईंनी केली, हे तुमच्यापैकी मराठी मुलांना ठाऊक असेलच. जन्माने त्या युरोपीय. संस्कृत ग्रंथांचा अभ्यास करून त्या पूर्ण भारतीय झाल्या.

आता कागद. सर्वांत मोलाचे लॉग बुक. प्रत्येक उड्डाणाची तारीख, विमानाचा प्रकार आणि क्रमांक, सोबतचे लोक, काम काय होते, किती तास, दिवस की रात्र. महिन्याअखेर बेरीज आणि वरिष्ठाची सही. मृत वैमानिकाचे लॉग बुक उघडले की पहिली पाने सोडून थेट शेवटच्या पानावर जा. पुष्कळदा शेवटची नोंद त्याच्या हस्ताक्षरातली नसते, दुसऱ्या कोणीतरी करून दिलेली असते. त्या ओळीपाशी हस्ताक्षर बदलते, शाई बदलते. मी जेवढी पाहिली, त्यांपैकी कोणतेही मला एका बैठकीत पुरे वाचता आलेले नाही.

त्यानंतर तार, कमांडिंग ऑफिसरचे पत्र आणि सोबत्यांची पत्रे. तारेत बातमी असते. पत्रात तो माणूस कसा बोलायचा, कोणाशी पत्ते खेळायचा हे असते. पत्र पाकिटासकट ठेवा. टपालाचा शिक्का तारीख सांगतो, आणि आईला बातमी किती दिवसांनी कळली हे त्या शिक्क्यावरूनच समजते.

साठवण्याविषयी थोडक्यात. पत्र लॅमिनेट करू नका. ते कायमचे बिघडते. सेलोटेप नको, स्टेपल नको, वर्तमानपत्रात गुंडाळणे तर नकोच, त्यातला आम्ल पदार्थ कागद खातो. आम्लरहित कागद मिळाला तर उत्तम, नाहीतर पांढऱ्या सुती कापडात. रायपूरच्या पावसाळ्यात वाळवी आणि कसर कागद सोडत नाही. म्हणून पेटी जमिनीवर ठेवू नका आणि वर्षातून दोनदा उघडा. टिपणे करायची असतील तर पेन्सिलने, वेगळ्या कागदावर. प्रत्येक वस्तूचा पुढून, मागून आणि कडेचा फोटो काढा. आणि सर्वांत महत्त्वाचे, वस्तू कोणाकडून, कोणत्या तारखेला, कोणत्या शब्दांत मिळाली ते त्याच दिवशी लिहा. काकूंचे "पिवळे पडले होते" हे वाक्यसुद्धा मी माझ्या वहीत लिहून ठेवले आहे.

संच मोडू नका. भाऊबंदकीत पदके एकाकडे, फोटो दुसऱ्याकडे, लॉग बुक तिसऱ्याकडे जाते. तिघांनाही प्रेम असते, पण तिघांकडे अर्धवट माणूस राहतो. वाटणी करायचीच तर प्रतींची करा. मूळ संच एका ठिकाणी राहू द्या.

विक्रीविषयी कायदाही माहीत हवा. १९७२ च्या पुरावस्तू कायद्यानुसार ऐतिहासिक महत्त्वाचा कागद ७५ वर्षांचा झाला की तो पुरावस्तू मानला जातो आणि परवानगीशिवाय देशाबाहेर नेता येत नाही. दुसऱ्या महायुद्धातले कागद त्या वयाचे झाले आहेत. बाहेरच्या खरेदीदाराला टपालाने धाडण्याआधी विचारपूस करा.

हा सारा आटापिटा कशासाठी, असे एका कॅडेटने मागच्या तासाला विचारले. त्याला मी 'विक्रांत'चे सांगितले. एवढे मोठे जहाज मुंबईत अनेक वर्षे संग्रहालय म्हणून उभे होते, तरी २०१४ मध्ये भंगारात गेले. त्याच्या पोलादाचा काही भाग पुण्याच्या बजाजच्या मोटारसायकलींत वापरला गेला. लोखंड राहिले, पण कुठल्या डेकवरून कोण उडाले हे आता लोखंडाला विचारून कळणार नाही. ते कळायचे तर लॉग बुकातूनच. गोव्याला बोगमाळ्याच्या नौदल विमान संग्रहालयात अलिझे आजही पाहायला मिळते. सहलीला गेलात तर तिघांच्या जागा मोजा.

दिल्लीच्या राष्ट्रीय युद्ध स्मारकाचे उद्घाटन २५ फेब्रुवारी २०१९ ला झाले, तेव्हा त्याच्या ग्रॅनाइटच्या पट्ट्यांवर २५,९४२ नावे होती. समाधी नसलेल्यांना तेवढे तरी ठिकाण मिळाले. इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर ली-ऑन-सोलंट येथे फ्लीट एअर आर्मच्या अशाच वैमानिकांचे स्मारक आहे, समुद्राकडे तोंड करून.

काकूंच्या दिरांचे कागद रद्दीतून परत येणार नाहीत. पण कडेवरचा क्रमांक होता. नौसैनिकांच्या सेवेच्या नोंदी मुंबईत मानखुर्दच्या नौसैनिक ब्युरोकडे असतात. पेन्शनच्या कागदाची प्रत, क्रमांक आणि दोन्ही बाजूंचे फोटो जोडून काकूंच्या नावाने अर्ज लिहिला. त्यांनी सही केली, आणि पेटी बंद करण्याआधी तिन्ही पदके स्वतःच पांढऱ्या रुमालात गुंडाळली.

दिवाळीच्या सुट्टीसाठी काम: घरात, शेजारी किंवा आजोळी एखाद्या सैनिकाचे पदक असेल तर मालकाच्या परवानगीने कडेवरची अक्षरे भिंगाने वाचून वहीत उतरवा. अक्षर लागत नसेल तेथे टिंब द्या, अंदाजाने भरू नका. घासू नका. आणि "कागद कुठे आहेत?" हे नक्की विचारा. वह्या जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात माझ्याकडे द्या.