विडी, बॅटरीची सिगारेट आणि एआरटीची गोळी

(आरोग्याचा पाठ. पाड्यावरच्या बैठकीत मोठ्याने वाचावा आणि शेवटच्या प्रश्नांवर बोलावे.)



वसईत होळीहून निघून पूर्वेकडच्या पाड्यांवर मी आरोग्याचे वर्ग घेते. मागच्या तिमाहीत एका भावाने वर्ग संपल्यावर मला बाजूला घेऊन विचारले, “ताई, माझी एआरटी चालू आहे. विडी सुटत नाही. भाचा म्हणतो, बॅटरीची सिगारेट ओढ, तिच्यात धूर नसतो. घेऊ का?” हा प्रश्न अनेकांचा आहे, म्हणून हा पाठ. तो भाऊ कोण, हे कोणी विचारू नये. एखाद्याची एचआयव्हीची माहिती त्याच्या संमतीशिवाय सांगण्यास २०१७ च्या कायद्यानेच मनाई आहे.

१. गोळी जे वाचवते, ते विडी घालवते

आपल्या देशात २००४ पासून सरकारी केंद्रांत एआरटी मोफत मिळते. गोळी रोज घेतली की विषाणू दबून राहतो आणि माणूस म्हातारपण पाहू शकतो. पण धूर आड येतो. डेन्मार्कमध्ये उपचार मोफत असलेल्या एचआयव्ही रुग्णांचा अभ्यास २०१२ च्या सुमारास प्रसिद्ध झाला. तेथे धूम्रपानाने आयुष्याची सुमारे १२ वर्षे गेली, तर एचआयव्हीने सुमारे ५. म्हणजे चांगला उपचार मिळणाऱ्याला आजारापेक्षा व्यसन महाग पडले.

कारणे सरळ आहेत. एचआयव्ही असलेल्याला क्षयाचा धोका आधीच अनेक पटींनी जास्त असतो, आणि तंबाखूचा धूर तो आणखी वाढवतो. हृदयविकार, न्यूमोनिया आणि फुप्फुसाचा कर्करोग यांचेही तसेच. विडी पानाची असते म्हणून ती सौम्य, हा गैरसमज आहे. तिचा धूर सिगारेटइतकाच घातक आहे.

२. बॅटरीच्या सिगारेटमध्ये काय असते?

तिच्यात तंबाखू जळत नाही. बॅटरीवर एक तार तापते आणि निकोटिन मिसळलेल्या द्रवाची वाफ होते. जळण नाही, म्हणून डांबर आणि कार्बन मोनॉक्साइड फार कमी. हे खरे आहे, ते लपवू नये. काही देशांत विडी-सिगारेट सोडवण्यासाठी तिचा वापर होतो, आणि काहींना तिने मदतही झाली आहे.

पण धूर कमी म्हणजे धोका नाही, असे नव्हे. निकोटिन नाडी आणि रक्तदाब वाढवते आणि तल्लफ जिवंत ठेवते. तापलेल्या द्रवातून फॉर्मल्डिहाइडसारखी रसायने निघू शकतात. एचआयव्ही असलेल्या माणसाच्या फुप्फुसांवर अनेक वर्षांत काय परिणाम होतो, याचे पुरेसे अभ्यास अजून झालेले नाहीत. आणि जो वाफही ओढतो नि विडीही ओढतो, त्याच्या पदरात काहीच पडत नाही.

३. आपल्याकडची गोष्ट वेगळी

भारतात २०१९ च्या कायद्याने ई-सिगारेट बनवणे, आयात करणे, विकणे, साठवणे आणि तिची जाहिरात करणे बंद आहे. विक्रीच्या पहिल्याच गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकते. म्हणून आपल्याकडे जी मिळते ती चोरून आलेली. आत काय भरले आहे, हे कोणी तपासलेले नसते. अमेरिकेत २०१९-२० मध्ये अशाच वाफेच्या साधनांमुळे २,८०० हून अधिक लोक फुप्फुसे बिघडून दवाखान्यात गेले आणि ६८ दगावले. त्यांतील बहुतेकांनी गांजातील अर्क असलेला, बाहेरून मिळवलेला भेसळीचा द्रव ओढला होता.

म्हणून त्या भावाला मी सांगितले: दादा, ती घेऊ नकोस. विडी सोडण्याचे दुसरे रस्ते आहेत.

४. मग काय करावे?

• एआरटी केंद्रात “मी विडी ओढतो” असे स्पष्ट सांगा. लाजू नका. सोडण्याच्या काही औषधांचा एआरटीशी मेळ बसत नाही, म्हणून गोळी डॉक्टरांना विचारूनच घ्या.
• १८००-११-२३५६ हा तंबाखू सोडण्यासाठीचा मोफत क्रमांक आहे. एचआयव्हीविषयी विचारायला १०९७.
• निकोटिनचे च्युइंगगम थोडे चावून गालात धरायचे असते, गिळायचे नसते.
• तल्लफ काही मिनिटांत ओसरते. तेवढ्यात पाणी प्या, चार पावले चाला. पहिले तीन-चार दिवस सर्वांत कठीण असतात.
• विडी सोडून तंबाखू मळणे किंवा मशेरी लावणे म्हणजे सुटका नव्हे.
• खोकला दोन आठवडे राहिला तर थुंकी तपासा. एचआयव्ही असेल तर खोकला दिसताच जा.
• विडी सुटली नाही म्हणून रागाने गोळी बंद करू नका. गोळी चालूच राहिली पाहिजे.

चर्चेसाठी प्रश्न

१. आपल्या पाड्यावर मुलांच्या हाती पहिली विडी कोण देते?
२. घरात कोणी विडी सोडत असेल, तर आपण त्याच्यासमोर पेटवतो का?
३. एआरटी घेणाऱ्याला टोमणे न मारता आपण केंद्रापर्यंत सोबत कशी देऊ शकतो?