बुद्धिबळातील अर्धा गुण

निमकीचा पाढा घडाघडा म्हणणाऱ्या मुलास 'अर्धा' म्हणजे किती मोलाचा, हे उमगलेले असतेच असे नाही. त्याला बुद्धिबळाच्या एका सांघिक सामन्याची हकीकत सांगावी.

सप्टेंबर २०२४ मध्ये हंगेरीची राजधानी बुडापेस्ट येथे ४५ वे बुद्धिबळ ऑलिंपियाड भरले होते. तेथे महिलांच्या सामन्यात एका संघातील चौघी दुसऱ्या संघातील चौघींशी चार पटांवर एकाच वेळी खेळत. डाव जिंकणारीस एक गुण, आणि बरोबरीत सुटल्यास दोघींना अर्धा अर्धा. चारांपैकी निदान अडीच गुण मिळविणारा संघ विजयी ठरे.

भारतीय महिला आठव्या फेरीत पोलंडकडून हरल्या आणि नवव्या फेरीत अमेरिकेशी २–२ अशा बरोबरीत राहिल्या. दहाव्या फेरीत गाठ पडली ती चीनशी. सुवर्णपदकाची आशा टिकवायची तर हा सामना गमावून चालण्यासारखे नव्हते. तिसऱ्या पटावर नागपूरच्या दिव्या देशमुखने नी शिछुनचा पराभव केला. हरिका, वैशाली आणि वंतिका यांचे डाव बरोबरीत सुटले. फळ्यावर हिशेब मांडावा: १ + ०॥ + ०॥ + ०॥ = २॥. चीनला उरले दीड.

दिव्याचे कौतुक सर्वत्र झाले, ते योग्यच होय. परंतु उरलेल्या तिघींपैकी एक जरी हरली असती, तर पुन्हा २–२. दोघी हरत्या, तर सामनाच गेला असता. हा पर्याय मुलांकडूनच मांडून घ्यावा. पुढे अखेरच्या फेरीत अझरबैजानवर ३॥–०॥ असा विजय मिळाला (औटकी शिकलेल्या वडीलधाऱ्यांना हा आकडा आवडेल) आणि भारतीय महिलांना ऑलिंपियाडचे पहिले सुवर्णपदक लाभले. कर्णधार पुण्याचे अभिजित कुंटे होते.

शाळेत चार-चार मुलांचे दोन संघ करून असा सामना अवश्य घ्यावा. अडचण एकच येते. हरण्याच्या भीतीने मुले पाच-सहा चालींतच बरोबरी मान्य करून मोकळी होतात. म्हणून वीस चालींपूर्वी बरोबरी मागू नये, असा नियम वर्गापुरता ठेवावा. राजाला शह नाही, पण कोणतीच चाल उरली नाही, असा डाव मात्र केव्हाही बरोबरीचाच. तेथे जिंकत आलेला मुलगा हटकून तक्रार करतो. त्याला पट पुन्हा मांडून दाखवावा.

गृहपाठास एक उदाहरण द्यावे: दिव्याने ११ डावांत एकही न हरता ९॥ गुण मिळविले, तर तिचे किती डाव बरोबरीत सुटले?