फोटो आणि नोंद



मी संगणकाचा पदवीधर नाही. कला शाखेची पदवी घेऊन बँकेत लिपिक म्हणून लागलो आणि आजही तेच काम करतो. तरी या विषयावर लिहावेसे वाटले, त्याला कारण घडले. आमच्या वस्तीतील एका मुलीने नोकरीच्या परीक्षेचा ऑनलाइन अर्ज शेवटच्या रात्री भरला. नाव, पत्ता, शुल्क, सर्व जमा झाले. फोटो मात्र पोहोचला नाही आणि अर्ज बाद झाला. "काका, फोटो तर पडद्यावर दिसत होता," असे ती सांगत होती. ती खोटे बोलत नव्हती. निवडलेला फोटो ब्राउझर आपल्याच मोबाइलमधून उचलून दाखवू शकतो. तो दिसला म्हणजे पलीकडे पोहोचला, असे नव्हे.

पूर्वी वेब फॉर्ममधून फक्त अक्षरे जात. फाइल कशी पाठवावी याची पद्धत नोव्हेंबर १९९५ मध्ये आरएफसी १८६७ या दस्तऐवजाने मांडली. तिला 'मल्टिपार्ट फॉर्म-डेटा' म्हणतात. एकाच पाकिटात नाव, जन्मतारीख, फोटो असे वेगवेगळे भाग घालायचे आणि प्रत्येक भागापुढे ठरावीक खुणेची ओळ ठेवायची, असा हा प्रकार. फॉर्म तयार करणारा ही पद्धत नमूद करायला विसरला, तर फाइलचे फक्त नाव जाते, फोटो जात नाही! नवशिक्यांची ही चूक नेहमीची आहे.

पलीकडे काय होते? आमच्या बँकेत पूर्वी खाते लेजरमध्ये असे आणि नमुना सहीचे कार्ड वेगळ्या कपाटात. दोहोंना जोडणारा खातेक्रमांक तेवढा एक. सर्व्हरवरही बहुधा तसेच असते. फोटो एका फोल्डरमध्ये पडतो, डेटाबेसमधील ओळीत त्या फाइलचे फक्त नाव लिहिले जाते. म्हणून अर्जदाराने दिलेले नाव जसेच्या तसे ठेवू नये. दोघांनी 'फोटो.जेपीजी' नावाची फाइल पाठवली तर दुसरी पहिलीवर बसते आणि एकाच्या प्रवेशपत्रावर दुसऱ्याचा चेहरा येतो. अर्जक्रमांकावरून नवे नाव द्यावे. नावाच्या शेपटीवरही विश्वास ठेवू नये. खरी जेपीजी फाइल एफएफ डी८ या दोन बाइट्सनी सुरू होते, ते तपासावे.

आकाराचेही भान हवे. पीएचपीमध्ये मूळ मर्यादा एका फाइलला २ एमबी आणि संपूर्ण अर्जाला ८ एमबी असते. मोबाइलचा फोटो सहज ३-४ एमबी भरतो. दुसरी मर्यादा ओलांडली की प्रोग्रॅमच्या हाती फोटोच काय, नावसुद्धा येत नाही. आयबीपीएसच्या बँकभरतीत तर फोटो २० ते ५० केबी आणि सही १० ते २० केबी एवढीच मागतात.

आता नोंदीविषयी. अर्जदाराचे शब्द डेटाबेसच्या आज्ञेत थेट चिकटवू नयेत. वसईकडचे कोणी डी'सोझा आडनाव इंग्रजीत लिहितात, त्यातील वरच्या टिंबासारख्या चिन्हाने आज्ञा मध्येच तुटते. आणि लबाड माणूस त्याच फटीतून स्वतःची आज्ञा घुसवतो. आधी रिकाम्या जागा ठेवून आज्ञा पाठवावी, मूल्ये मागून द्यावीत. पैसे काढण्याच्या स्लिपवर ग्राहक रकान्यात रक्कम लिहितो, कॅशियरला हुकूम लिहीत नाही, तसेच हे.

त्या मुलीच्या अर्जाचे घोडे अडले ते मात्र इथे: नोंद झाली, शुल्क घेतले, फोटो राहिला. आमच्याकडे एक बाजू खर्ची पडून दुसरी जमा झाली नाही, तर ताळा जुळेपर्यंत कोणी घरी जात नाही. डेटाबेसलाही 'ट्रान्झॅक्शन' असते. नोंद लिहावी, फोटो जागेवर ठेवावा, दोन्ही झाले तरच नोंद कायम करावी, नाहीतर मागे घ्यावी. मात्र मागे फिरते ती नोंद. फोल्डरमध्ये पडलेली फाइल आपोआप जात नाही, ती आपण पुसावी लागते. आपल्यापैकी जी मुले प्रोग्रॅमिंग शिकत आहेत, त्यांनी हे मुद्दाम करून पाहावे.

अर्ज भरणाऱ्याने अंतिम सादर करण्यापूर्वी पान बंद करून पुन्हा लॉगिन करावे आणि जतन झालेला अर्ज उघडावा. तिथे दिसणारा फोटो सर्व्हरवरून आलेला असतो.

त्या मुलीने पुढचा अर्ज दहा दिवस आधी भरायला घेतला आणि असाच उघडून मला दाखवला. फोटो होता, सही मात्र आडवी पडली होती. मोबाइलने ती उभी दाखवली होती, फाइलमध्ये ती आडवीच होती. सरळ करून पुन्हा चढवायला वेळ होता.